पूरनौकेचे एंजिन आणि त्याचा इंधनपंप

(पावसाळ्यापूर्वीच्या पूरनिवारण प्रशिक्षण वर्गात अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले दोन दिवस या वर्गात पूररेषा, स्थलांतर, निवारा केंद्रे, धान्यवाटप अशा मोठ्या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. माझ्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने लहान, अक्षरशः तळहातावर मावणारा आहे. पूरनौकेच्या मागे जे एंजिन टांगलेले असते त्याच्या कुशीला आगपेटीहून थोडा मोठा असा एक इंधनपंप बसविलेला असतो. त्याविषयी मी बोलणार आहे. एवढ्याशा भागासाठी इतक्या मंडळींचा वेळ घ्यावा काय, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर मी एका अनुभवाने देतो.

काही वर्षांपूर्वी एका महापुरात वेढलेल्या वस्तीतील माणसे बाहेर काढण्यासाठी एक नाव पाठविण्यात आली. यंत्राची देखभाल करण्यासाठी मी तिच्यावर होतो. काठावर एंजिन दोरीच्या दुसऱ्या ओढीलाच सुरू झाले आणि मंद गतीवर उत्तम चालले. सर्वांना समाधान वाटले. नाव प्रवाहाच्या मध्यावर गेली, गती वाढविली, आणि मिनिटभरातच एंजिन धापा टाकून बंद पडले. नाव आडवी होऊन वाहू लागली. पुन्हा दोरी ओढली, पुन्हा सुरू झाले, पुन्हा मिनिटभरात बंद. अखेर इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा हाताने दाबत राहिल्यास एंजिन चालते, असे ध्यानात आले. आणि आमच्याबरोबरचा एक तरुण दिवसभर तो फुगा दाबीत बसला. त्याच्या मुठीने त्या दिवशी पंपाचे काम केले. संध्याकाळी पंप उघडला, तेव्हा आतील पडदा पापडासारखा ताठ झालेला आढळला. एंजिन जुने नव्हते. फारसे वापरलेलेही नव्हते. मागील पुरानंतर ते आत पेट्रोल तसेच ठेवून गोदामात लावले गेले होते, एवढेच.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीस आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड या शहरांत पाणी शिरले. अशा प्रसंगी तालुक्यात नावा किती, हा आकडा लगेच मिळतो. त्यांतील किती नावा भर प्रवाहात पूर्ण वेगाने अर्धा तास चालतील, हा आकडा मात्र कोणत्याही नोंदवहीत नसतो. मच्छीमाराचे एंजिन रोज चालते, म्हणून त्यातील दोष रोज कळतो. पूरनौकेचे एंजिन वर्षातील अकरा महिने झोपलेले असते, आणि त्याचा दोष कळतो तो नेमका पुराच्या दिवशी.

आता यंत्राकडे वळू. नावेच्या मागील फळीवर बाहेरून अडकवायचे म्हणून या एंजिनास आउटबोर्ड मोटर असे नाव पडले. त्याच्या जनकांपैकी एक म्हणजे नॉर्वेत जन्मलेले आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात वाढलेले ओले एव्हिनरूड. उन्हाळ्याच्या दिवसांत वाग्दत्त वधूसाठी तळ्यापलीकडून आइसक्रीम आणण्यास ते वल्ही मारीत गेले, परत येईतो ते वितळले, आणि त्या चिडीतून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. खरेखोटे तेच जाणोत. १९०९ पासून त्यांनी विक्रीस आणलेले एंजिन दीड अश्वशक्तीचे आणि ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलोग्रॅम वजनाचे होते. त्याला इंधनपंप नव्हता. टाकी एंजिनवरच, कार्ब्युरेटरच्या वरच्या पातळीवर बसविलेली असे आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरे. लहान एंजिनांत ही व्यवस्था अद्याप आढळते, आणि ती निर्धोक आहे. परंतु एंजिनच्या डोक्यावर बसविलेल्या टाकीत इंधन मावणार किती? चाळीस अश्वशक्तीचे एंजिन पूर्ण वेगाने तासाला पंधरा लिटरांहून अधिक पेट्रोल पिते. तेवढे डोक्यावर ठेवता येत नाही, आणि हलत्या नावेत तापलेल्या एंजिनवर पेट्रोल ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

तेव्हा टाकी नावेत खाली ठेवावी लागली, आणि खालचे इंधन वर कसे चढवावे हा प्रश्न उभा राहिला. जॉन्सन कंपनीने १९४९ मध्ये दहा अश्वशक्तीच्या एंजिनासोबत वेगळी टाकी दिली. तिला दोन नळ्या होत्या. एका नळीने एंजिनातील दाबाची हवा टाकीत जाई, ती इंधनाच्या पृष्ठभागावर दाब देई, आणि दुसऱ्या नळीने इंधन वर चढे. युक्ती चांगली होती; पण तिच्यात दोन खोडी होत्या. टाकीचे झाकण किंचित सैल राहिले तरी दाब निघून जाई आणि एंजिन उपाशी राही. दुसरी खोड अधिक गंभीर. माणसांच्या पायांशी दाबाखाली असलेली पेट्रोलची टाकी! नळी फुटली तर पेट्रोल फवाऱ्याने उडणार. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ही पद्धत मागे पडू लागली आणि तिची जागा आजच्या पडद्याच्या पंपाने घेतली.

हा पंप समजण्यासाठी आपण लोहाराचा भाता डोळ्यांपुढे आणावा. भाता फुगला की आतील दाब कमी होतो, चामड्याची झडप उघडते आणि हवा आत येते. भाता दाबला की ती झडप मिटते आणि हवा पुढच्या तोंडाने बाहेर पडते. पंपातही असेच आहे. एक लवचिक पडदा, त्याच्या एका बाजूस इंधनाचा कप्पा, आणि त्या कप्प्याला आत येणारी व बाहेर जाणारी अशा दोन झडपा. प्रश्न एवढाच, की हा भाता हलवितो कोण? येथे दोन धावांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक एंजिनाचा एक विशेष कामास येतो. या एंजिनात सिलिंडरच्या खालची पेटी, जिला क्रँककेस म्हणतात, ती बंदिस्त असते. दट्ट्या वर गेला की त्या पेटीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. दट्ट्या खाली आला की तो वाढतो. फ्लायव्हीलच्या प्रत्येक फेऱ्यास एक ओढ आणि एक ढकल. क्रँककेसला एक बारीक भोक पाडून ही स्पंदने पडद्याच्या दुसऱ्या बाजूस पोहोचविली, की पंप चालू झाला. त्यास पट्टा नको, दांडा नको, वीज नको. एंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असता पडदा सेकंदाला ऐंशीहून अधिक वेळा मागेपुढे होतो. पडद्याच्या जिवावर किती येते याची यावरून कल्पना यावी.

शिक्षक मंडळींना एक सुचवितो. वातावरणाचा दाब शिकविताना जुना बाद पंप वर्गात नेऊन उघडून दाखवावा. इंधन ‘ओढले’ जाते असे आपण म्हणतो. वस्तुतः टाकीतील इंधनावर बाहेरची हवा दाब देते आणि तीच त्यास वर ढकलते. म्हणूनच टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडावा लागतो. पंप बिघडला म्हणून माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी कित्येकांत पंप निर्दोष होता आणि हा स्क्रू बंद होता.

या रचनेची जी बाजू मला सर्वांत मोलाची वाटते, ती सुरक्षिततेची. टाकीपासून पंपापर्यंतची सारी नळी दाबाखाली नसून ओढीखाली असते. नळी कापली गेली तर पेट्रोल बाहेर उडत नाही. आत हवा शिरते आणि एंजिन थांबते. एंजिन थांबले की पंपही थांबतो. काही उत्साही कारागीर जुना पंप काढून मोटारगाडीचा विजेवरील पंप बसवितात. तो एंजिन बंद पडल्यावरही इंधन लोटत राहू शकतो, आणि त्याचा दाब अधिक असल्यास कार्ब्युरेटरमधील तरंगत्या गोळ्याची सुई तो सहन करू शकत नाही. पेट्रोल ओसंडून नावेत साचते. असा बदल पूरनौकेवर कोणी केला असेल तर तो या पावसाळ्यापूर्वी काढून टाकावा, असे मी स्पष्टच सांगतो.

मूळ तत्त्व एकच असले तरी रचना निरनिराळ्या आहेत. काही लहान एंजिनांत पंप कार्ब्युरेटरच्याच अंगावर बसविलेला असतो. जागा आणि नळी वाचते. इतरांत तो स्वतंत्र असून क्रँककेसला थेट जोडलेला असतो, किंवा आखूड नळीने जोडलेला असतो. नळी असल्यास ती आखूड आणि कडकच हवी. लांब व मऊ नळी स्पंदने स्वतःच गिळून टाकते. सहा सिलिंडरांच्या मोठ्या एंजिनांवर दोन-तीन पंप असतात. काही निर्मात्यांनी मुख्य पडद्याला जोड म्हणून दुसरा पडदा व स्प्रिंग दिली आहे. झडपाही कोठे छोट्या चकत्या असतात, तर कोठे त्याच पातळ पत्र्यातून कापलेल्या जिभा. पडदे पूर्वी रबर चढविलेल्या कापडाचे असत. पुढे पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्याचेही होऊ लागले. खरेदी करणाऱ्याने या भेदांत फार गुंतण्याचे कारण नाही. पंप काठावर, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने, अर्ध्या तासात उघडून पडदा बदलता येतो की नाही, एवढे पाहावे. माझे मत विचाराल, तर पूरनौकेसाठी स्वतंत्र बसविलेला पंप बरा.

आता या विषयाच्या गाभ्याशी येतो. चार धावांच्या एंजिनात वंगणाचे तेल तळाशी वेगळे असते. इंधन कमी पडले तर एंजिन बंद पडते, पण जळत नाही. दोन धावांच्या एंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. साधारणतः पन्नास भाग पेट्रोलला एक भाग, म्हणजे दहा लिटरांना दोनशे मिलिलिटर. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळावे. याचा अर्थ असा, की इंधनपंप हाच वंगणाचाही पंप आहे. पडदा ताठ झाला आणि पूर्ण वेगात इंधन अपुरे पडू लागले, तर त्याच क्षणी तेलही अपुरे पडते. मिश्रण विरळ झाल्याने दट्ट्या अधिक तापतो, आणि तापलेल्या दट्ट्याला तेल कमी. परिणामी दट्ट्या सिलिंडरला चिकटतो, क्वचित त्याच्या डोक्याला भोक पडते. काही शे रुपयांच्या पडद्याने संपूर्ण एंजिनचा जीव घेतलेला मी पाहिला आहे, आणि अहवालात ‘एंजिन जळाले’ एवढेच लिहिलेले वाचले आहे.

पडद्याला बारीक छिद्र पडले तर उलट प्रकार होतो. स्पंदनाच्या भोकातून कच्चे इंधन क्रँककेसमध्ये जाते. त्या एका सिलिंडरचा प्लग ओला व काळा निघतो, धूर वाढतो, एंजिन सुरू होण्यास त्रास देते. कारागीर तीनदा प्लग बदलतो, पण पंपाकडे पाहत नाही. याहून फसवा दोष म्हणजे ज्या सिलिंडरच्या स्पंदनावर पंप चालतो तोच सिलिंडर, किंवा त्याच्या क्रँकचे सील, झिजलेले असणे. पंप नवा घातला तरी त्यास ढकलणारे बळच राहत नाही.

तेल हाताने मिसळण्याचा त्रास टळावा म्हणून १९८४ मध्ये अमेरिकेतील आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने एक संयुक्त पंप आणला. क्रँककेसच्याच स्पंदनांवर चालणारी एक पेटी इंधन आणि तेल दोन्ही ओढी, आणि मंद गतीत तेलाचे प्रमाण कमी ठेवून वेग वाढता ते वाढवी. कल्पना खरोखर बुद्धिमान होती. परंतु पेटीचा तेलाचा भाग रुसला की एंजिन निव्वळ पेट्रोलवर चालू लागे, आणि त्या भयाने अनेक मालकांनी तो भाग तोडून पुन्हा हातमिश्रणाचा मार्ग धरला. पुढे त्या पंपात सुधारणा झाल्या. तरीही वर्षातून चार दिवस चालणाऱ्या नावेस हातमिश्रण योग्य, असे मी मानतो. टू-स्ट्रोकच्या तेलात बहुधा रंग घातलेला असतो; डब्यातील पेट्रोल रंगीत दिसले की तेल घातले आहे हे अंधूक उजेडातही कळते. डब्यावर मात्र मिश्रणाची तारीख व प्रमाण खडूने नव्हे, रंगाने लिहावे.

विकसित देशांत धुराविषयीचे नियम कडक झाल्यावर, अमेरिकेत १९९८ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने, कार्ब्युरेटरची दोन धावांची एंजिने मागे सरली. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणारी विजेवर अवलंबून असलेली एंजिने आली. एव्हिनरूडच्या नावाने चाललेले उत्पादनही मे २०२० मध्ये थांबविण्यात आले. यापुढील खरेदीत चार धावांची एंजिने येतील. ती कमी पेट्रोल पितात, धूर कमी करतात. त्यांचे पंप मात्र कॅमशाफ्टवर किंवा विजेवर चालतात, आणि विजेवरचा पंप काठावर चिखलात बसून दुरुस्त होत नाही. तोवर गोदामांत असलेली दोन धावांची एंजिनेच आपल्याला पुरात न्यायची आहेत.

या बाबतीत केरळच्या किनाऱ्याने जे केले ते पाहण्यासारखे आहे. तेथील मच्छीमारांच्या लहान होड्यांवर १९८० नंतरच्या काळात आउटबोर्ड एंजिने झपाट्याने आली. त्यांतील पुष्कळ पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याची. १९८० मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारतीय मच्छीमार संस्थांच्या महासंघाने किनाऱ्याकाठी दुरुस्तीची केंद्रे चालविली. एंजिनसोबत दुरुस्ती आणि सुटे भाग गावाजवळ आले, म्हणून ती एंजिने टिकली. आपल्या पूरनौका नदीकाठी आहेत, आणि त्यांचे सुटे भाग बहुधा दूरच्या शहरात. तालुक्याला प्रत्येक जातीच्या एंजिनाचे पडदे व गॅस्केट यांचे दोन संच, इंधनाची एक नळी, एक फुगा आणि जोडणीतील रबरी कड्या एवढे डब्यात घालून ठेवण्यास खर्च अल्प येतो. अडचण पैशाची नसते. हा डबा कोणाच्या ताब्यात, हे ठरलेले नसते. ते नाव घालून ठरवावे.

पेट्रोलही आता पूर्वीचे राहिलेले नाही. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर टप्प्याटप्प्याने आले. गाडी रोज चालत असेल तर गोष्ट वेगळी. पण जुन्या एंजिनातील रबर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते किंवा पुढे ताठ होते. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलात राहते. टाकीतील नळी तर तळातूनच घेते! म्हणजे एंजिनास पहिला घास मिळतो तो तेलाविना. कोकणातील आणि कृष्णाकाठच्या दमट हवेत मागील वर्षीचे मिश्रण यंदा वापरणे, हा म्हणूनच निव्वळ धोका आहे. पूर ओसरला की टाकी रिकामी करावी. नंतर इंधनाची नळी काढून, थंड करणाऱ्या पाण्याची सोय ठेवून, एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटर व पंप कोरडे होतात. पडदा मात्र दर दोन वर्षांनी, तो चांगला दिसत असला तरी, बदलावा.

पावसाळ्यापूर्वीची चाचणी कशी घ्यावी, हे थोडक्यात सांगतो. काठावर मंद गतीवर एंजिन चालले म्हणजे नाव सिद्ध, हा समज सोडावा. मंद गतीला इंधन इतके थोडे लागते, की अर्धमेला पंपही ते पुरवितो. नाव पाण्यात घालून, माणसांऐवजी वाळूची पोती भरून, किमान दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालवावी. एंजिन मंदावले तर फुगा दाबावा. दाबल्याने ते सावरले, तर दोष पंपात किंवा कोठेतरी हवा शिरण्यात आहे. फुगा स्वतःच आत चेपून बसला, तर टाकीकडे अडथळा आहे: हवेचा स्क्रू, तळाची जाळी, पिचलेली नळी. फुगा कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर त्याच्या झडपा किंवा जोड गळका आहे. चाचणीचा दिनांक, वेळ आणि ती घेणाऱ्याची सही नोंदवहीत असावी. गोदामातील कोरड्या तपासणीची सही या कामी ग्राह्य धरू नये, अशी विनंती मी येथील अधिकारी वर्गास करतो.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या पिंपात एक पंचवीस अश्वशक्तीचे एंजिन उभे केले आहे. त्याच्या पंपात मी मुद्दाम जुना, ताठलेला पडदा घातला आहे. ते सुरू कसे होते आणि वेग वाढविताच काय होते, हे प्रथम सर्वांनी ऐकावे. मग पंचायत सदस्यांपैकी दोघांनी माझ्याबरोबर तो पंप उघडून नवा पडदा बसवावा. हात काळे होतील, तेव्हा पांढरे कपडे घातलेल्यांनी जरा मागे उभे राहिलेले बरे.